करुणेला ज्ञानाची जोड : गिधाडांकडून शिकायचा परिसंस्थेचा पाठ

आजच्या पाठाची सुरुवात आपण एका साध्या प्रश्नाने करू. गावात गाय किंवा बैल मेला, की पुढे त्याचे काय होते?

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे आणि ज्यांचे बालपण खेड्यात गेले, त्यांना याचे उत्तर आठवेल. गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी ते जनावर नेऊन टाकले जाई. थोड्याच वेळात आकाशात उंचावर घिरट्या दिसू लागत. पाहता पाहता पन्नास-साठ गिधाडे उतरत आणि तास-दोन तासांत केवळ हाडे उरत. ना दुर्गंधी, ना माश्या. मुले लांबून ते दृश्य पाहत आणि नाक मुरडून घरी परतत.

आज देशाच्या बहुतेक भागांत हे दृश्य दिसत नाही. जनावर तसेच पडून राहते, कुजते आणि त्याच्याभोवती कुत्र्यांची टोळी जमते. मग गिधाडे गेली कोठे? त्यांची कोणी शिकार केली नाही. त्यांना संपवावे असेही कोणी ठरवले नव्हते. ती संपत गेली ती आजारी गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेल्या एका औषधामुळे. म्हणजे एका जिवावर केलेली दया दुसऱ्या जिवाच्या मुळावर आली. असे का घडले हे समजून घ्यायचे, तर सृष्टीतील जीव एकमेकांशी कसे बांधलेले आहेत हे आधी पाहावे लागेल. तोच आजचा अभ्यासविषय आहे.

परिसंस्था म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणचे सर्व सजीव, तेथील माती, पाणी, हवा, ऊन यांसारखे निर्जीव घटक आणि या सर्वांमधील देवाणघेवाण मिळून जी व्यवस्था तयार होते, तिला परिसंस्था म्हणतात. तळे ही परिसंस्था आहे, जंगल ही परिसंस्था आहे आणि गावाचे गायरानही परिसंस्थाच आहे.

परिसंस्थेतील सजीवांचे त्यांच्या कामानुसार तीन मुख्य गट पडतात. सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या वनस्पती म्हणजे उत्पादक. त्या अन्नावर प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे जगणारे प्राणी म्हणजे भक्षक. मेलेल्या शरीरांचे आणि टाकाऊ पदार्थांचे पुन्हा मातीत रूपांतर करणारे जिवाणू व बुरशी म्हणजे विघटक. भक्षकांमध्येच एक विशेष गट आहे. तो जिवंत प्राण्यांची शिकार करण्याऐवजी मेलेल्या प्राण्यांवर जगतो. हे मृतभक्षक. गिधाडे या गटातील आहेत.

येथे दोन नियम लक्षात ठेवायचे आहेत.

पहिला नियम ऊर्जेचा. ऊर्जा सूर्याकडून येते आणि एकाच दिशेने वाहते. गवताकडून गाईकडे आणि गाईकडून तिला खाणाऱ्याकडे जाताना प्रत्येक पायरीवर साधारणपणे दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. बाकीची ऊर्जा त्या जिवाच्या हालचालीत, श्वासात आणि शरीराच्या उष्णतेत खर्च होते. म्हणूनच गवत पुष्कळ, हरणे त्याहून कमी आणि वाघ अगदी थोडे असतात.

दुसरा नियम द्रव्याचा. नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन यांसारखी द्रव्ये पृथ्वीवर मर्यादित आहेत. ती पुन्हा पुन्हा वापरावी लागतात. मातीतून गवतात, गवतातून गाईत आणि गाईतून परत मातीत, असे हे चक्र आहे. मेलेल्या शरीराला मातीकडे परत नेणारे थांबले, तर चक्र तेथेच अडते.

एका गाईभोवतीचे संबंध

सजीवांमधील संबंधांचे प्रकार पाठ करण्यापेक्षा एका गाईकडे लक्षपूर्वक पाहिले तर ते सहज कळतात.

गाय गवत खाते. हा भक्षणाचा संबंध झाला. पण गवतातील तंतू पचवण्याची शक्ती गाईच्या स्वतःच्या शरीरात नाही. तिच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात आणि तेच हे तंतू फोडतात. त्यांना निवारा व अन्न मिळते, गाईला पोषण मिळते. दोघांचाही लाभ होणाऱ्या अशा संबंधाला सहजीवन म्हणतात.

गाय चरत असताना तिच्या पायांजवळून पांढरे गायबगळे चालतात. तिच्या पावलांनी गवतातले किडे उडतात आणि बगळे ते टिपतात. बगळ्याचा लाभ होतो, गाईचे मात्र यात काही जात नाही आणि सहसा तिला काही मिळतही नाही. हा सहभोजिता नावाचा संबंध.

गाईच्या कानामागे गोचीड चिकटलेली असते. ती रक्त पिते, गाईला अशक्त करते आणि कधी रोगही देते. हा परजीवी संबंध. गाईच्या पाठीवर बसून कावळा किंवा साळुंकी ती गोचीड टिपते, तेव्हा पक्ष्याला अन्न मिळते आणि गाईचा त्रास कमी होतो.

गाईचे शेण जमिनीवर पडले की शेणकिडे ते मातीत नेतात, गांडुळे व जिवाणू त्याचे खत करतात आणि त्या जागी पुन्हा गवत उगवते. त्याच गवतासाठी शेळी, म्हैस आणि गाय यांच्यात स्पर्धाही असते.

एका गाईभोवतीच एवढे जीव गुंतलेले आहेत. अन्नसाखळी ही प्रत्यक्षात सरळ साखळी नसून जाळे आहे, असे का म्हणतात ते यावरून लक्षात येईल. जाळ्याचा एक धागा ओढला की दूरची गाठही हलते.

गाय मेल्यानंतर

गाय मरते तेव्हाही हे संबंध थांबत नाहीत. तिच्या शरीरात साठलेली ऊर्जा आणि द्रव्ये आता इतरांसाठी मोकळी होतात. त्यांवर पहिला हक्क पूर्वी गिधाडांचा असे.

भारतात गिधाडांच्या ९ जाती आढळतात. ती आपले अन्न वासाने शोधत नाहीत, नजरेने शोधतात. उंच आकाशात एकमेकांपासून दूर तरंगत असताना प्रत्येक गिधाड जमिनीवर लक्ष ठेवते, तसेच शेजारच्या गिधाडावरही. एक खाली झेपावले की दुसऱ्याला कळते, दुसऱ्यावरून तिसऱ्याला. अशा रीतीने कित्येक किलोमीटर दूरची गिधाडे थोड्याच वेळात एका ठिकाणी येतात.

खातानाही त्यांच्यात कामाची वाटणी असते. राजगिधाडासारख्या मजबूत चोचीच्या जाती जाड कातडी फाडू शकतात. पांढऱ्या पुठ्ठ्याचे आणि लांब चोचीचे गिधाड आपली लांब, जवळजवळ पिसे नसलेली मान आत घालून मऊ भाग ओढतात. लहान आकाराचे पांढरे गिधाड कडेने उरलेले तुकडे टिपते. हिमालयातील दाढीवाले गिधाड तर हाडेही खाते. प्रत्येक जातीची परिसंस्थेत अशी स्वतःची जागा ठरलेली असल्यामुळे एकाच अन्नावर अनेक जाती जगू शकतात.

गिधाडाच्या पोटातील आम्ल अतिशय तीव्र असते. कुजलेल्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात टिकत नाहीत. जे मांस इतर प्राण्यांना आजारी पाडेल, ते गिधाडाला पचते. म्हणून गिधाडाचे काम केवळ सफाईचे नाही. रोगाची वाट अडवण्याचेही आहे.

आपल्या देशात गुरांची संख्या प्रचंड आहे आणि त्यांतील मोठा भाग खाण्यासाठी मारला जात नाही. ही गुरे म्हातारपणाने किंवा आजाराने मरतात. त्यामुळे गिधाडांना अन्नाची कधी वाण पडली नाही आणि आपल्याला सफाईची कधी चिंता करावी लागली नाही. माणूस आणि गिधाड यांच्यातील हेही एक सहजीवनच होते, फक्त आपण ते कधी मोजले नव्हते. १९८०च्या दशकात पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हे जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये सर्वाधिक संख्येने आढळणारे असावे, असे पक्षितज्ज्ञ मानत.

धागा कोठे तुटला?

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे शास्त्रज्ञ विभू प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची नोंद ठेवत होते. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांच्या सुमारे साडेतीनशे जोड्या घरटी करत. दहा वर्षांनी हा आकडा निम्म्याहूनही खाली आला आणि त्यानंतर काही वर्षांत तेथील घरटी संपली. झाडांवर माना खाली टाकून बसलेली, मलूल गिधाडे दिसत. काही दिवसांत ती झाडाखाली मरून पडलेली आढळत.

देशभरातील मोजणीने हेच चित्र समोर आणले. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली. जेथे हजार होती, तेथे एक उरले. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची घट सुमारे ९७ टक्के होती.

कारण शोधण्यास वेळ लागला. आधी एखाद्या विषाणूचा संशय होता. अखेर २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून उत्तर मिळाले. ते कारण होते डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध.

हे औषध माणसांसाठी परिचित आहे. १९९०च्या दशकात ते स्वस्त झाले आणि गुरांसाठीही सर्रास वापरले जाऊ लागले. ताप, सूज, लंगडणे, कासेचा दाह, काहीही असो, एक इंजेक्शन दिले की जनावराला आराम पडे. शेतकऱ्याने आणि डॉक्टरांनी ते चांगल्या हेतूनेच दिले. परंतु औषध दिल्यानंतर एक-दोन दिवसांत जनावर मेले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राही. ते मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. पक्ष्यांच्या शरीरातील टाकाऊ नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो. मूत्रपिंड थांबले की हे आम्ल रक्तात साठते आणि त्याचे पांढरे स्फटिक हृदयावर, यकृतावर जमतात. काही दिवसांतच पक्षी मरतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. प्रत्येक मेलेल्या गुरात तर हे औषध नसणार. मग एवढा संहार कसा झाला? शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवले, की शंभरातील एकाहूनही कमी मृत जनावरांत घातक प्रमाणात औषध असले, तरी अशी घट होऊ शकते. याचे कारण गिधाडांच्या जीवनक्रमात आहे. गिधाड एकत्र जेवते, त्यामुळे एकाच जनावरामुळे अनेक पक्षी मरतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू प्रजननक्षम व्हायला सुमारे पाच वर्षे लागतात. जो जीव सावकाश वाढतो आणि दीर्घकाळ जगतो, त्याच्या प्रौढांचा मृत्यू थोडा जरी वाढला तरी ती जात सावरू शकत नाही.

रिकाम्या जागेचे मोल

निसर्गात जागा रिकामी राहत नाही. गिधाडे गेली तरी मेलेली जनावरे होतीच. ते अन्न भटक्या कुत्र्यांना आणि उंदरांना मिळू लागले. राजस्थानात बिकानेरजवळ जोडबीड येथे मेलेली गुरे व उंट टाकण्याची मोठी जागा आहे. तेथे आजही हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी गिधाडे आणि गरुड दिसतात, पण त्यांच्याबरोबर कुत्र्यांच्या टोळ्याही असतात.

कुत्रा गिधाडाची जागा घेतो, पण गिधाडाचे काम करत नाही. तो सगळे मांस तेवढ्या लवकर संपवत नाही, त्यामुळे उरलेले कुजून पाण्यात झिरपते. शिवाय कुत्रा रेबीजचा वाहक होऊ शकतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की गिधाडे नाहीशी झाल्याने वाढलेल्या कुत्र्यांमुळे १९९२ ते २००६ या काळात भारतात रेबीजचे सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. २०२४ मध्ये इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि ज्यांत नव्हती, त्यांची तुलना केली. दूषित पाणी व इतर कारणे धरून २००० ते २००५ या काळात सुमारे ५ लाख जादा माणसे मृत्युमुखी पडली, असा त्यांचा अंदाज आहे.

मुंबईच्या पारशी समाजावर याचा वेगळाच आघात झाला. डोंगरवाडीतील दख्म्यांमध्ये मृतदेह पक्ष्यांना अर्पण करण्याची त्यांची प्राचीन परंपरा आहे. गिधाडे उरली नाहीत, तेव्हा सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणे तेथे बसवावी लागली. एका पक्ष्यासोबत एका समाजाचा अंत्यविधीही अडचणीत आला.

हे मोल आपल्याला आधी का दिसले नाही? कारण गिधाड आपल्याला किळसवाणे वाटत होते. घाण उचलणाऱ्याला कमी लेखण्याची आपली सवय जुनी आहे, आणि ती केवळ पक्ष्यांपुरती नाही. ज्यांच्या कामामुळे आपण निरोगी राहतो, त्यांच्याकडे आपण पाहतही नाही. ते काम थांबते तेव्हाच ते कळते.

दुरुस्तीचे प्रयत्न

सुदैवाने ही कथा येथे संपत नाही. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचे चाचण्यांतून दिसून आले. म्हणजे गाईच्या वेदनाही कमी करता येतात आणि गिधाडही वाचते. दोहोंपैकी एकाची निवड करण्याची गरजच नव्हती.

तरीही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची करण्यात आली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅक या औषधांच्या गुरांसाठीच्या वापरावरही बंदी आली. एसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतर होते.

हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. त्याला जटायूचे नाव दिले आहे. तेथे वाढवलेले पक्षी २०२० पासून निसर्गात सोडण्यास सुरुवात झाली. २०२४ मध्ये तेथील काही गिधाडे विदर्भातील ताडोबा आणि पेंच येथेही आणण्यात आली. एका वर्षाला एकच अंडे, त्यामुळे हे काम एका पिढीत पुरे होणारे नाही.

नेपाळमध्ये चितवनजवळच्या पिठौली गावाने २००६ मध्ये वेगळा मार्ग काढला. गावकरी म्हाताऱ्या, निरुपयोगी झालेल्या गुरांना आणून त्यांचा शेवटपर्यंत सांभाळ करतात. आजारात त्यांना सुरक्षित औषधच दिले जाते. नैसर्गिक मृत्यू आला की ते शरीर मोकळ्या जागी गिधाडांसाठी ठेवतात. गाईचीही सेवा होते आणि गिधाडाचीही. आपल्याकडील गोशाळांना यातून पुष्कळ शिकता येईल.

या पाठाचे सार

रामायणातील जटायू आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सीतेला वाचवताना तो घायाळ झाला आणि रामाने त्याचे अंत्यसंस्कार पित्यासारखे केले. जो पक्षी इतर प्राण्यांची शरीरे मातीला परत देतो, त्याला कथेत एवढा मान मिळाला आहे. प्रत्यक्षात मात्र आपण त्याला विसरलो.

या सर्व घटनाक्रमात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. दया होती, पण ती समोरच्या एका जिवापाशी थांबली. त्या जिवाशी आणखी कोण जोडलेले आहे, हे पाहिले गेले नाही. परिसंस्थेचा अभ्यास आपल्याला नेमके हेच शिकवतो. कोणतेही सत्कार्य करताना, मग ते पक्ष्यांना दाणे टाकणे असो, तळ्यात मासे सोडणे असो किंवा झाडे लावणे असो, ‘याचा पुढे कोणाकोणावर परिणाम होईल?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावली पाहिजे. यामुळे दया कमी होत नाही. ती दूरपर्यंत पोहोचते.

स्वाध्याय

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या घराजवळच्या एका झाडाभोवती कोणकोणते जीव दिसतात? त्यांच्यातील संबंध सहजीवन, सहभोजिता, परजीवी, भक्षण की स्पर्धा, ते ठरवा.

२. चिमण्यांपेक्षा गिधाडांची संख्या सावरायला अधिक काळ का लागतो?

३. चांगल्या हेतूने केलेल्या एखाद्या कामाचा अनपेक्षित परिणाम आपण पाहिला आहे का? त्यातून काय शिकलो?

४. आपल्या गावात किंवा शहरात सफाईचे काम कोण करतो? आपण त्या माणसाला नावाने ओळखतो का?

कृतीसाठी संकल्प :

१. घरी गुरे असतील किंवा एखाद्या गोशाळेशी संबंध असेल, तर वेदनाशामक देताना पशुवैद्यकांना विचारावे, की हे औषध गिधाडांसाठी सुरक्षित आहे का. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक गुरांना कधीही देऊ नये.

२. औषध दिलेले जनावर दगावल्यास ते उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावे.

३. परिसरातील कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाला सहकार्य करावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

४. गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की गिधाडे कोणत्या झाडांवर बसत आणि शेवटची कधी दिसली. ती माहिती लिहून ठेवावी आणि ते झाड अजून उभे असेल, तर ते राखावे.